फायनान्समधली नोकरी बदलताना करिअर कोच: पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बँकेत, फायनान्स कंपनीत किंवा पतसंस्थेत चार-पाच वर्षं काढलेला माणूस करिअर कोचकडे जातो तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "कुठे जागा आहे का?" पण कोचकडे जागा नसतात. तुम्ही आजवर केलेलं काम आकड्यांत मांडून घेणं, त्या कामाच्या जोरावर कोणती खुर्ची मिळू शकते ते ठरवून घेणं आणि मुलाखतीत ते नीट सांगता येईपर्यंत सराव करून घेणं, एवढंच त्याचं काम. हे लक्षात घेऊन गेलात तर त्याची फी वसूल होते. नोकरी मिळेल या आशेने गेलात तर तीन महिन्यांनी पैसेही गेलेले असतात आणि जुनाच बायोडाटा हातात उरतो.

नोकरी शोधताना चार वेगळे धंदे एकमेकांत मिसळून समोर येतात. भरती करणाऱ्या कन्सल्टंटला पैसे कंपनी देते, तेही माणूस रुजू झाल्यावर. त्याला जागा भरायची घाई असते, त्यामुळे ती जागा तुम्हाला मानवेल का याचा विचार त्याने करावा ही अपेक्षाच ठेवू नका. बायोडाटा लिहून देणारा एकदाच पैसे घेतो आणि कागद देतो. क्लासवाला परीक्षेची तयारी करून घेतो. कोचला मात्र पैसे तुम्ही देता, म्हणून त्याने तुमच्या बाजूने विचार करायला हवा. या चौघांशिवाय "दोन महिन्यांचा पगार द्या, बँकेत लावून देतो" म्हणणारा पाचवा माणूसही भेटतो. तो यातल्या कुठल्याच धंद्यात बसत नाही. त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. आज दुकान थाटणाराही कोच, आणि वीस वर्षं बँकेत माणसं निवडलेलाही कोच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था एसीसी, पीसीसी, एमसीसी अशा तीन पायऱ्यांची मान्यता देते. पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, दुसरीसाठी १२५ आणि ५०० तास. ही मान्यता असेल तर माणूस ऐकून घेण्यात आणि प्रश्न विचारण्यात तरबेज आहे असं समजायला हरकत नाही. त्याला क्रेडिट अप्रेझल, म्हणजे कर्ज देण्याआधीची तपासणी, कळतं की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. फायनान्समधल्या माणसासाठी आमची पसंती स्पष्ट आहे: मान्यता नसली तरी चालेल, पण ज्याने स्वतः बँकेत किंवा एनबीएफसीत (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीत) मुलाखती घेतल्या आहेत तो कोच घ्या.

हे ओळखायला पहिल्या मोफत फोनवर तीन प्रश्न पुरतात. तुम्ही स्वतः कोणत्या पदांसाठी माणसं निवडली? सेल्समधल्या माणसाला क्रेडिटमध्ये, म्हणजे कर्ज मंजुरीच्या विभागात, जायचं असेल तर त्याच्यात काय कमी पडतं? माझ्या पदाचा बायोडाटा वाचताना तुम्ही सगळ्यात आधी कोणता आकडा शोधता? तिसऱ्या प्रश्नावर जो "आत्मविश्वास", "पॉझिटिव्ह माइंडसेट" असं बोलू लागतो, त्याचा नाद सोडा. ज्याला काम कळतं तो थकबाकी, दरमहा कर्जवाटप किंवा ऑडिटचा शेरा विचारेल.

जाण्याआधी घरी करायचं काम

बहुतेक लोक इथेच कमी पडतात. पहिली बैठक एक तासाची असते. तो तास "तुम्ही नेमकं काय करता" हे सांगण्यात गेला तर फीचा एक हिस्सा ओळख करून देण्यातच संपला.

एका वहीत गेल्या तीन वर्षांचे आकडे काढा. इन्सेंटिव्हच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, दर महिन्याच्या रिपोर्टमधल्या तुमच्या नावासमोरच्या ओळी यांतून ते मिळतात. दरमहा किती फायली, किती रुपयांचं वाटप, सरासरी कर्जाची रक्कम, किती गावं, किती डीलर, ३० दिवसांवर थकलेली रक्कम किती टक्के होती आणि किती झाली, वाटपानंतरची कागदपत्रं किती दिवसांत जमा होत होती, शाखेच्या ऑडिटमध्ये तुमच्या टेबलावर काय शेरा आला. आकडे वहीत उतरवा, पण कंपनीच्या फायली, ग्राहकांच्या याद्या किंवा स्क्रीनचे फोटो घरी आणू नका. तो ग्राहकांच्या गोपनीयतेचा भंग आहे आणि त्यावर नोकरी जाऊ शकते. एखादी नवी कंपनी मुलाखतीतच "तुमचे ग्राहक घेऊन याल ना?" असं विचारते, तेव्हाही उत्तर "माझी ओळख आणि भागाची माहिती माझ्यासोबत येईल, डेटा येणार नाही" असंच असायला हवं.

आकड्यांनी फरक कसा पडतो ते पाहा. समजा, पाचोऱ्याच्या एका एक्झिक्युटिव्हच्या बायोडाट्यात लिहिलंय: "वाहन कर्ज विभागात काम. टार्गेट पूर्ण केले. ग्राहकांशी चांगले संबंध." अशी ओळ शंभर बायोडाट्यांत असते. तीच अशी लिहिली तर: "पाचोरा-भडगाव भागात ६ डीलरांमार्फत दरमहा सरासरी १४ ट्रॅक्टर व मालवाहू वाहनांची कर्जं. हप्ते कापसाच्या विक्रीच्या महिन्यांना जुळवून लावल्याने ३० दिवसांवरची थकबाकी एका वर्षात ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर." दुसरी ओळ वाचणारा व्यवस्थापक लगेच विचारेल, "कसं केलं?" मुलाखतीची सुरुवात अशी तुमच्या आवडीच्या प्रश्नाने होते. चांगला कोच तासभर खणून अशा पाच-सहा ओळी तुमच्याकडून काढतो. आकडा फुगवायला सांगणारा कोच मात्र तुम्हाला खड्ड्यात घालतो, कारण पुढच्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं.

इथे खान्देशातल्या माणसाकडे असा एक माल असतो, ज्याची किंमत त्यालाच ठाऊक नसते. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या कर्जांवर काम केलेल्याला माहीत असतं, की लागवडीपासून घड कापणीपर्यंत साधारण वर्ष जातं, पैसा कापणीनंतर व्यापाऱ्याकडून येतो आणि सरसकट मासिक हप्ता लावला तर तो थकणारच. जिनिंगवाल्याला खेळतं भांडवल ऑक्टोबरनंतर का लागतं, जळगावच्या दाळ मिलचा साठा कधी वाढतो, दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीचा पैसा कधी फिरतो, सराफ बाजारातला व्यवहार कसा वाचायचा, हे मुंबईच्या ऑफिसात बसून शिकता येत नाही. कृषी कर्ज, सोने तारण, छोट्या उद्योगांची कर्जं यांच्या विभागीय पदांना नेमकं हेच लागतं. तळोदा, धडगाव, अक्कलकुवा भागात भिली किंवा पावरी समजणारा, धुळे-अमळनेरकडे अहिराणीत वसुलीचं अवघड बोलणं सांभाळणारा, नवापूरला गुजरातीतून व्यवहार करणारा अधिकारी कंपनीसाठी मोलाचा असतो. भाषा बायोडाट्याच्या तळाशी एका शब्दात ढकलू नका. ती ज्या कामात उपयोगी पडली, त्या कामासोबत लिहा.

कुठे उडी मारायची

दुसऱ्या बैठकीत दिशा ठरते. काम, कंपनीचा प्रकार आणि शहर या तिन्ही गोष्टी एकदम बदलायला गेलं की नोकरी मिळणं फार अवघड होतं. एक बदला, फार तर दोन. मायक्रोफायनान्समधला फील्ड ऑफिसर परवडणाऱ्या घरांच्या कर्जात सहज जातो, कारण कागदावर उत्पन्न न दिसणारं कुटुंब कसं जोखायचं ते त्याला येतं. शाखेत केवायसी आणि खाती उघडण्याचं काम केलेली मुलगी पुण्यातल्या केवायसी-एएमएल (ग्राहकांची ओळख आणि काळ्या पैशाचे व्यवहार तपासणाऱ्या) बॅक ऑफिसमध्ये बसू शकते. एमआयडीसीतल्या कारखान्यात टॅली आणि जीएसटी रिटर्न सांभाळणाऱ्याला पुण्यातल्या शेअर्ड सर्व्हिसेसमध्ये (अनेक शाखांचं हिशेबाचं काम एकत्र करणाऱ्या ऑफिसात) देणी-येणी विभागाचं काम मिळू शकतं. त्यासाठी एक्सेल पक्कं हवं आणि इंग्रजी ईमेल न अडखळता लिहिता यायला हवा. सेल्समधून क्रेडिटमध्ये जायचं असेल तर आधी ताळेबंद, जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट वाचून स्वतः दोन-तीन नमुना अप्रेझल लिहून पाहावे लागतात. वसुलीतून थेट इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये नेतो म्हणणारा कोच तुमची स्वप्नं विकत असतो.

पतसंस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना एक जादा प्रश्न येतोच. आपल्या भागात काही संस्थांच्या ठेवी अडकल्या, त्यामुळे मुलाखत घेणारा संस्थेच्या स्थितीबद्दल विचारतो. संस्थेला शिव्या देऊ नका आणि तिची वकिलीही करू नका. तुमच्या टेबलावर कोणते अधिकार होते, कोणते नव्हते आणि तुम्ही कोणती नोंद वेळेवर ठेवली, एवढं तीन वाक्यांत सांगायचा सराव करा.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत कोचने तुम्हाला थोपवायला हवं, कारण दिसेल तो कोर्स करण्याची घाई असते. म्युच्युअल फंड वितरणाकडे जायचं असेल तर एनआयएसएम या शेअर बाजार प्रशिक्षण संस्थेची पाच-ए परीक्षा लागते: १०० प्रश्न, २ तास, ५० टक्क्यांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. शेअर ब्रोकिंगमध्ये डेरिव्हेटिव्हची (वायदे-ऑप्शनच्या करारांची) एनआयएसएमचीच आठ क्रमांकाची परीक्षा जरा कडक आहे: ६० टक्क्यांना पास आणि चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण वजा. वसुलीत राहायचं असेल तर आयआयबीएफ या बँकिंग संस्थेचं डीआरए, म्हणजे वसुली एजंटचं, प्रमाणपत्र घ्या. त्याआधी पदवीधरांना ५० तासांचं आणि इतरांना १०० तासांचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं. जेएआयआयबी या आयआयबीएफच्याच परीक्षेचे आता चार पेपर आहेत, पण ती परीक्षा बँकेत काम करणाऱ्या सदस्यांसाठी आहे. बाहेरच्या माणसाने त्याचा क्लास लावून उपयोग नाही. ज्या जागेच्या जाहिरातीत प्रमाणपत्राचं नाव आहे, तेवढंच करा.

पुण्याला जायचं की जळगावातच राहायचं, हे कोचने ठरवू नये. पण हिशेब मात्र त्याने मांडून द्यावा. समजा, पुण्याची ऑफर वर्षाला ४,८०,००० रुपयांची आहे. ऐकताना महिना ४०,००० वाटतो. आता आत पाहा: मूळ वेतन २,४०,०००, घरभाडे भत्ता ९६,०००, विशेष भत्ता ५०,८५६, कामगिरीवर मिळणारी रक्कम ६०,०००, कंपनीचा पीएफ २१,६०० आणि ग्रॅच्युइटीपोटी ११,५४४. दर महिन्याला पगार म्हणून पहिले तीनच भाग येतात, म्हणजे ३२,२३८ रुपये. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा झाले की हातात ३०,२३८. कामगिरीचे ६०,००० वर्षाअखेरीस, तेही मिळाले तर. जळगावात घरी राहून मिळणाऱ्या २२,००० समोर हे ३०,२३८ ठेवा, त्यातून पुण्याचं भाडं, मेस आणि महिन्याला एकदा घरी यायचं तिकीट वजा करा आणि मग ठरवा. पहिलं वर्ष तोट्यात गेलं तरी तिथला अनुभव पुढे दुप्पट कामाला येणार असेल तर जाणं योग्यच आहे. फक्त तो तोटा डोळ्यांसमोर असू द्या.

मुलाखतीचा सराव

फीचा मोठा भाग इथे खर्च व्हावा असं आम्हाला वाटतं. किमान दोन सराव मुलाखती घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कोचसोबत बसून पाहा. स्वतःचं बोलणं पाहायला नको वाटतं, पण सुधारणा तिथूनच सुरू होते.

उत्तराचा साचा सोपा आहे: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, निकाल काय लागला. आपल्याकडचे उमेदवार परिस्थितीवर दोन मिनिटं बोलतात आणि निकाल सांगायचाच राहतो. "टार्गेट चुकलं तेव्हा काय केलं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतो, त्याचं खरं उदाहरण तयार ठेवा. तांत्रिक प्रश्नही साधेच असतात, पण चुकले की फार नुकसान करतात. हप्ता थकल्यापासून ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (एसएमए म्हणजे बुडण्याच्या वाटेवरचं खातं), ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२ आणि ९० दिवसांपुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. सोने तारणात जायचं असेल तर एप्रिल २०२६ पासूनची मर्यादा माहीत हवी: वैयक्तिक खर्चासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के.

उच्चार बदलायला लावणाऱ्या कोचपासून सावध राहा. अहिराणीचा हेल घेऊन बोलणारी माणसं मोठमोठ्या शाखा चालवतात. वाक्य पूर्ण करणं, आकडा ठामपणे सांगणं आणि माहीत नसेल तर "हे बघून सांगतो" म्हणणं यांचा सराव करा. इंग्रजी कच्चं असेल तर पहिलं दीड मिनिट, म्हणजे स्वतःची ओळख, इंग्रजीत घोटून पक्की करा. पुढे हिंदी किंवा मराठीत बोलू का, असं सरळ विचारा. शाखेच्या पातळीवरच्या पदांना बरेच जण हो म्हणतात.

जागा मिळवण्याचा सगळ्यात भरवशाचा रस्ता अजूनही जुने सहकारी हाच आहे. लोक नोकरी मागतात म्हणून समोरचा अवघडतो. त्याला माहिती विचारा. संदेश एवढाच पुरे: "नमस्कार भाऊ, धुळे शाखेत आपण सोबत होतो. मी सध्या चाळीसगावला वाहन कर्ज पाहतो आणि क्रेडिटकडे वळायचं म्हणतोय. तुमच्याकडे क्रेडिट मॅनेजरला नेमकं काय पाहतात, यावर दहा मिनिटं बोलता येईल का? रविवारी किंवा रात्री आठनंतर कधीही चालेल." बोलणं चांगलं झालं तर बायोडाटा तोच मागतो. कोचने अशा तीस जणांची यादी तुमच्याकडून करून घ्यावी आणि दर आठवड्याला किती फोन झाले ते विचारावं. नोकरीच्या पोर्टलवर शहराच्या खान्यात फक्त जळगाव लिहिलं असेल तर पुण्या-नाशिकची भरती करणाऱ्यांना तुम्ही दिसतच नाही. पसंतीची शहरं भरा, नोटीस पीरियड खरा लिहा आणि बायोडाटा एका स्तंभात, रकाने आणि फोटो न टाकता ठेवा. रकान्यांतला मजकूर सॉफ्टवेअर उलटसुलट वाचतं.

पैसे, कागद आणि धोके

चार ते सहा बैठका, दोन-तीन महिन्यांत, एवढं बहुतेकांना पुरतं. सगळी फी आगाऊ देऊ नका. बैठकीगणिक किंवा दोन हप्त्यांत द्या. कोच जीएसटी नोंदणीकृत असेल तर फीवर १८ टक्के कर लागतो, तो आधी विचारून घ्या आणि बिल घ्या. किती बैठका, किती मिनिटांच्या, मधल्या काळात फोनवर उत्तर मिळेल का, बैठक रद्द झाली तर काय, पैसे परत कधी, हे ईमेलवर लिहून मागा. आमच्या मते सगळा खर्च तुमच्या हातात येणाऱ्या एका महिन्याच्या पगाराच्या आत राहायला हवा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. नोकरीच्या नावाने ऑनलाइन पैसे उकळले असतील तर लगेच सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

नवीन पदवीधराने कोचवर खर्च करू नये. बायोडाटा, नोंदणी आणि पहिली मुलाखत यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, राज्याचं महास्वयं आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही पोर्टलं आहेत, आणि तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. बँकेच्या परीक्षेची तयारी हे तर कोचचं कामच नाही.

ऑफर आली की सही करण्याआधी नेमणूक पत्रावर कोणाचं नाव आहे ते पाहा. ओळखपत्र बँकेचं आणि पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा, असा प्रकार सेल्सच्या जागांमध्ये सर्रास आहे. ती नोकरी घेऊ नये असं नाही, पण पुढच्या मुलाखतीत अनुभव त्या दुसऱ्या कंपनीचा धरला जातो, हे माहीत हवं. अनुभवाचं खोटं पत्र तर कधीच नको. पीएफच्या नोंदीत प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट दिसतो, पडताळणीत तोच पहिला पाहिला जातो. बँका उमेदवाराचा कर्ज इतिहासही तपासतात. म्हणून अर्ज करायच्या आधी क्रेडिट रिपोर्ट काढा; कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. जुन्या मोबाइलचा राहिलेला हप्ता किंवा दुसऱ्याला दिलेली जामिनकी तिथे अचानक दिसते, आणि नोंद दुरुस्त व्हायला काही आठवडे लागतात.

लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. दिल्यावर नोटीस पीरियड पूर्ण करा किंवा तो विकत घेण्याचं लेखी ठरवा, आणि कार्यमुक्तीचं पत्र घेतल्याशिवाय शाखेची किल्ली-शिक्के सोपवून मोकळे होऊ नका. पीएफ काढून घेण्याऐवजी नव्या नोकरीत वळता करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो. जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का, हे रुजू झाल्यावर तपासा. नसेल टाकली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला भरता येते.